वही, ॲप की दुसरं खातं? पहिल्या पगाराचं बजेट

समजा पुण्यात पहिली नोकरी लागली, कॉट बेसिसवर राहताय आणि हातात २४ हजार पडतात. बजेट याच आकड्यावर करायचं. ऑफर लेटरवरच्या वार्षिक पॅकेजला इथे काही अर्थ नाही, कारण पीएफ आणि व्यवसाय कर आधीच कापलेला असतो. (व्यवसाय कर फेब्रुवारीत २००ऐवजी ३०० जातो, पगार कमी आला म्हणून लगेच एचआरकडे धावू नका.)

वहीचा खर्च वीस-तीस रुपये. रात्री पाच मिनिटं बसून लिहायचं. कंटाळवाणं आहे, पण हाताने ‘चहा-वडापाव ४५’ असं आठवड्यात सहाव्यांदा लिहिताना जे टोचतं, ते स्क्रीनवरच्या रंगीत वर्तुळाने टोचत नाही. मेसचे खाडे, रूममेटची उसनवारी, घरमालकाचं लाइटबिल असल्या गोष्टीही वहीत नीट बसतात. अडचण एवढीच की बहुतेकांची वही महिना-दीड महिन्यात बंद पडते.

एसएमएस वाचून आपोआप हिशेब मांडणारी ॲप्स ऐकायला छान वाटतात. पण चौघं जेवायला गेलात, १,२०० रुपये तुम्ही यूपीआयने भरले आणि तिघांनी ३००-३०० परत पाठवले, तर ॲपच्या लेखी तुमचा खर्च १,२०० आणि उत्पन्न ९००. खरा खर्च ३००. हे दर वेळी हाताने दुरुस्त करायचं, मग ‘आपोआप’ राहिलं कुठे? त्यात यूपीआय लाइट (छोट्या खर्चांसाठी आधी पैसे भरून ठेवायचं यूपीआय ॲपमधलं पाकीट) वापरत असाल तर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची नोंद दिसते, एकेका चहाची नाही. म्हणजे जो किरकोळ खर्च पकडायचा, तोच निसटतो. शिवाय बँकेचे सगळे मेसेज एका तिऱ्हाइताला वाचायला द्यायचे, हे मला तरी पटत नाही. आकडेमोडीची आवड असेल तर त्यापेक्षा साधी एक्सेल शीट बरी.

माझं मत दुसऱ्या खात्याच्या बाजूने आहे. वही आणि ॲप, दोन्ही पैसे गेल्यावर बोलतात; दुसरं खातं आधीच अडवतं. पगाराचं खातं यूपीआयला जोडायचंच नाही. त्यातून भाडं ७,०००, मेस ३,५००, घरी ४,००० आणि आरडी (दरमहा ठरावीक रक्कम भरायची आवर्ती ठेव) १,५०० असे १६ हजार महिन्याच्या सुरुवातीलाच बाहेर काढायचे. पोस्टाची आरडी महिना १०० रुपयांपासूनही सुरू होते, पण मुदत पाच वर्षांची असते. तेवढं थांबायचं नसेल तर बँकेत वर्षाची काढा.

उरले आठ हजार. यूपीआय जोडलेल्या दुसऱ्या खात्यात दर सोमवारी १,५०० जातील अशी स्थायी सूचना (पैसे ठरल्या दिवशी आपोआप पाठवण्याची) नेट बँकिंगमध्ये देऊन ठेवायची. पाच सोमवारांचा महिना आला तरी साडेसात हजारच जातात, औषधाला किंवा एसटीच्या तिकिटाला पाचशे राहतात. शुक्रवारी खात्यात ११० रुपये दिसले की हॉटेलचा बेत आपसूक पुढच्या आठवड्यावर जातो. लिहायचं काहीच नाही. फक्त किमान शिल्लक न लागणारं खातं निवडा, नाहीतर दंडातच पैसे जातील. स्टेट बँकेने बचत खात्यांवरची ही अट २०२० मध्येच काढली.

मात्र आठवड्याला १,५००च का, १,२०० किंवा १,८०० का नाही, हे दुसरं खातं सांगत नाही. त्यासाठी पहिले दोन महिने वही लिहाच, मग तो आकडा ठरवा.

कमिशनवर किंवा डिलिव्हरीचं काम करणाऱ्यांचं गणित वेगळं. पैसे रोज किंवा तुकड्यातुकड्याने येत असतील तर सोमवारची ठरलेली रक्कम टिकत नाही. त्यांनी वहीच धरावी, आणि जमा झालेल्या प्रत्येक रकमेतला भाड्याचा वाटा त्याच दिवशी यूपीआय न जोडलेल्या वेगळ्या खात्यात टाकावा.