काँक्रीटच्या घरातला राउटर: तपकीर गल्लीतली खरेदी आणि पाच महिन्यांचा वापर

आमच्या कोथरूडच्या सोसायटीचा पुनर्विकास पूर्ण होऊन आम्ही नव्या घरात राहायला आलो, आणि जुन्या घरात सहा वर्षे निमूटपणे चाललेला राउटर इथे पहिल्याच आठवड्यात रुसला. जुनी इमारत विटांची होती. नवी ‘मायवान’ पद्धतीची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंतींसकट सगळे काँक्रीट ओतून उभी केलेली आहे. चित्र टांगायला खिळा ठोकावा तर खिळाच वाकतो, अशा या सळयांच्या भिंतींतून वायफायने सुखासुखी पलीकडे जावे ही अपेक्षाच चुकीची होती. पण हे ध्यानात येईपर्यंत सगळा दोष मी राउटरला देत राहिले आणि एका शनिवारी नवा आणायला बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली.

दुकानदाराने सहा अँटेनांचा, कोळ्यासारखा दिसणारा एक राउटर पुढे केला आणि म्हणाला, “ताई, हा घेऊन जा, चार बेडरूमपर्यंत रेंजचं टेन्शन नाही.” अँटेना मोजून राउटर घेणे हे दांड्या मोजून छत्री घेण्यासारखे आहे, असे माझे आता मत झाले आहे. खोक्यावर ठळक छापलेला आकडाही तितकाच फसवा असतो. ‘एसी १२००’ याचा अर्थ २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ मेगाबिट यांची बेरीज करून ती वरच्या शेकड्याला नेलेली, इतकाच. एक मोबाइल एका वेळी सहसा एकाच बँडवर, म्हणजे लहरींच्या एकाच पट्ट्यावर, जोडलेला असतो, त्यामुळे ही बेरीज त्याच्या वाट्याला येत नाही. शिवाय ते दोन्ही आकडे कागदावरच्या कमाल वेगाचे असतात, घरातल्या नव्हे.

खरे पाहायचे ते खोक्याच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत. स्वस्त राउटरचे पोर्ट, म्हणजे वायर खोचायच्या जागा, पुष्कळदा अजूनही १०० मेगाबिटचेच असतात, आणि अशा पोर्टमधून प्रत्यक्षात ९४-९५ मेगाबिटच्या वर काही बाहेर पडत नाही. आमची जोडणी २०० मेगाबिटची आहे आणि जुन्या राउटरचे पोर्ट १०० चे होते. म्हणजे जुन्या घरातली शेवटची दोन वर्षे आम्ही दुप्पट वेगाचे पैसे भरून निम्माच वेग वापरत होतो, आणि वेग मोजताना ९४ चा आकडा दर वेळी तिथेच का अडतो याचे मला कधी कोडेही पडले नव्हते. तेव्हा पहिली अट गिगाबिट पोर्टची, आणि तीही इंटरनेटची वायर लागते त्या पोर्टसकट सगळ्यांची. दुसरी अट वायफाय ६ ची, कारण घरात आता मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर आणि गिझरचा स्विच धरून चौदा उपकरणे आहेत आणि अनेक उपकरणे एकदम जोडलेली असताना हे मानक जुन्यापेक्षा बरे काम करते. या दोन्ही अटींत बसणारा ‘एएक्स १५००’ वर्गातला साधा, चार अँटेनांचा राउटर मी २,७५० रुपयांना पक्के बिल घेऊन आणला. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते त्या वर्गातल्या कोणत्याही राउटरला लागू पडावे.

तर हा नवा राउटर लावला, आणि सासूबाईंच्या खोलीत वेग भरला १४ मेगाबिट. जुन्याचा होता ११.

कारण शोधायला तांत्रिक ज्ञान लागले नाही, दार उघडावे लागले. बिल्डरने मुख्य दरवाजाच्या मागे, भिंतीत गाडलेली एक लोखंडी पेटी दिली आहे. फायबरची वायर तिथे येते. इंटरनेट कंपनीचे ओएनटी, म्हणजे फायबरवरच्या प्रकाशाचे वायरीतल्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारे यंत्र, त्या पेटीत बसते. आणि जोडणी करायला आलेल्या मुलाने राउटरही त्याच पेटीत ठेवून, पेटीचे पत्र्याचे झाकण लावून घेतले होते. दिसायला अतिशय नीटनेटके. लोखंडाच्या डब्यात रेडिओ ठेवून वर झाकण लावावे आणि मग गाणी ऐकू येत नाहीत म्हणून स्टेशन बदलत बसावे, असा आमचा प्रकार चालला होता. नव्या पुण्यातल्या कितीतरी घरांत ही पेटी आहे. राउटर बदलण्याआधी तिचे झाकण उघडून पाहावे, ही माझी आग्रहाची विनंती.

ओएनटी पेटीतच राहू दिले आणि राउटर बाहेर काढला. पेटीतून हॉलमधल्या टीव्हीमागे जाणारी एक रिकामी पाइप बिल्डरने टाकून ठेवलेली होती. इलेक्ट्रिशियनने तिच्यातून कॅट ६ ची, म्हणजे नेटवर्कची, वायर ओढून दिली. सळईदार भिंतीला भोक पाडणे हे येरागबाळ्याचे काम नाही, त्यामुळे ही पाइप सापडणे हे आमचे नशीब. टीव्हीच्या थेट मागे राउटर ठेवायचा नाही, हे ठरलेले होते. म्हणून वायर पुढे पट्टीतून नेऊन तो पॅसेजच्या तोंडाशी, साधारण सहा फूट उंचीवर भिंतीला लावला. तिथून तिन्ही खोल्यांची दारे दिसतात, आणि काँक्रीटच्या घरात लहरींची खरी वाट दारांतूनच असते. अँटेना उभ्या ठेवल्या. पुष्कळ लोक त्या तोफेसारख्या बेडरूमकडे रोखून ठेवतात. उभी अँटेना लहरी आपल्या चहूबाजूंना फेकते आणि टोकाच्या दिशेने तिचा जोर सर्वांत कमी असतो, त्यामुळे नेम धरल्याने नुकसानच होते. एवढ्यावर हॉलमध्ये १९० आणि माझ्या कामाच्या खोलीत १६० मेगाबिट मिळू लागले. सासूबाईंची खोली मात्र दोन भिंतींपलीकडे आहे; तिथे ५ गिगाहर्ट्झ पोचेना आणि २.४ वर ३० च्या पुढे काटा जाईना.

यावर रिपीटर सुचवणारे पुष्कळ भेटले. साधा रिपीटर ज्या चॅनेलवर ऐकतो त्याच चॅनेलवर पुढे बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. आणि सिग्नल जिथे आधीच क्षीण आहे तिथे तो लावला तर क्षीण सिग्नलचीच नक्कल पुढे जाते. मी दुसरी वायर ओढली आणि अडगळीत टाकलेला जुना राउटरच सासूबाईंच्या खोलीत लावला. त्याचा आयपी पत्ता बदलला, डीएचसीपी बंद केले, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम एकट्या नव्या राउटरकडे राहिले, आणि वायर त्याच्या इंटरनेटच्या पोर्टात न लावता साध्या लॅन पोर्टात लावली. त्याची १०० मेगाबिटची मर्यादा इथे कुणाला जाचत नाही, कारण फोर-के मालिका पाहायलाही पंचवीसच्या आसपास मेगाबिट पुरतात. जुन्याचा असा उपयोग मला नव्याच्या खरेदीपेक्षा जास्त समाधान देऊन गेला.

मांडणीतली आणखी एक अडचण. कंपनीचे ओएनटी स्वतःही राउटरचे काम करते, त्यामुळे घरात दोन राउटर एकामागे एक होतात, आणि ओएनटीच्या वायफायवर राहिलेला प्रिंटर नव्या राउटरवरच्या लॅपटॉपला सापडत नाही. ओएनटी ‘ब्रिज मोड’मध्ये टाकून घ्यावे, म्हणजे त्याचे राउटरपण बंद करून ते नुसते सिग्नल पुढे देईल असे करावे, आणि जोडणीचे युजरनेम-पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरावेत, हा त्यावरचा सरळ उपाय. कंपनीच्या माणसाने आधी “मॅडम, तसं आम्ही देत नाही” असे सांगितले आणि तिसऱ्या फोननंतर पाच मिनिटांत ते करून दिले.

सेटिंगांबद्दल थोडक्यात. दोन्ही बँडना मी वेगळी नावे दिली, कारण गिझरच्या स्विचसारखी उपकरणे फक्त २.४ वर चालतात आणि एकच नाव असले की जोडताना त्रास देतात. या बँडवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आमच्याकडे शेजाऱ्यांची गर्दी ६ वर होती, म्हणून आम्ही ११ घेतला. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण दाबून किंवा पिन टाकून जोडण्याची सोय, बंद केले, राउटरचा स्वतःचा पासवर्ड बदलला, आणि भिशीच्या दिवसासाठी पाहुण्यांचे वेगळे नेटवर्क काढून ठेवले.

राउटरचे दोष सांगायचे तर ॲप खाते उघडल्याशिवाय पुढे सरकू देत नाही, जे मला मुळीच आवडले नाही; ब्राउझरमधून सगळे करता येते, पण तो रस्ता माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर आहे. निळे दिवे रात्री डोळ्यांत खुपतात, आणि ते बंद करण्याची सोय सापडेपर्यंत सासूबाईंनी त्यांच्यावर टिकल्या चिकटवून टाकल्या होत्या. पाच महिन्यांत तो आपणहून एकदाही बंद पडलेला नाही.

एक खर्च मात्र आधीच धरायला हवा होता, तो छोट्या यूपीएसचा. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की नेमक्या माझ्या बैठका असतात. राउटर आणि ओएनटी दोन्ही १२ व्होल्ट, १ अँपिअरचे आहेत. म्हणून एकूण २ अँपिअर देणारा आणि दोन पिनांची वायर असलेला यूपीएस लागला, कारण एकट्या राउटरला वीज देऊन ओएनटी बंद राहिले तर वायफाय दिसते आणि इंटरनेट नसते. फायबरच्या वाटेवरचे स्प्लिटर, म्हणजे एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणारे भाग, विजेशिवाय चालतात, त्यामुळे इमारत अंधारात असली तरी जोडणी टिकते. पण ज्यांच्या इमारतीत केबलवाल्याचा विजेवर चालणारा स्विच, म्हणजे जोडणी घरोघरी वाटणारे यंत्र, जिन्याखाली बसवलेला आहे, त्यांनी यूपीएस घेण्याआधी त्या स्विचला बॅकअप आहे का, हे विचारून घ्यावे.