जलपरीच्या शेपटीला ओली झळाळी: फॉइलचे कापड, सीलंटचा लेप की ओतीव सिलिकोन?

घरी तयार केलेल्या जलपरीच्या शेपटीला नुकत्याच पाण्यातून काढलेल्या माशाची तकाकी हवी असेल, तर साहित्य विकत घेण्याआधी ती शेपटी पाहणारा कुठे असणार हे ठरवून घ्यावे. तो काठावर, रंगमंचासमोर किंवा समुद्रकिनारी कॅमेरा घेऊन उभा असेल, तर एक उत्तर निघते. तो पाण्याखाली असेल, किंवा फ्लोरिडातील वीकी वाची येथे 1947 पासून होत आलेल्या जलपऱ्यांच्या खेळातल्या प्रेक्षकांप्रमाणे पाण्याच्या पातळीखाली काचेआड बसलेला असेल, तर जवळजवळ उलटे उत्तर निघते.

ओली वस्तू ओली दिसते ती दोन गोष्टींमुळे. पाणी पृष्ठभागावरील बारीक खाचा भरून काढते, त्यामुळे प्रकाश चहूकडे विखुरण्याऐवजी एकाच दिशेने परततो आणि वळणावरून एक सलग, धारदार प्रकाशरेषा सरकताना दिसते; शिवाय विखुरणे कमी झाल्याने खालचा रंग अधिक गडद होतो. पारदर्शक सिलिकोनचा थर नेमके हेच साधतो. मात्र ही चमक सिलिकोन आणि भोवतालचे माध्यम यांच्या अपवर्तनांकांतील, म्हणजे ते माध्यम प्रकाशाला किती वळवते ते सांगणाऱ्या आकड्यांतील, फरकावर अवलंबून असते. सिलिकोनचा अपवर्तनांक सुमारे 1.41 आणि हवेचा 1 असल्यामुळे समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 3 टक्के प्रकाश पृष्ठभागावरून परततो. पाण्याचा अपवर्तनांक 1.33 असल्यामुळे तीच शेपटी पाण्यात गेली की हे प्रमाण 0.1 टक्क्याच्याही खाली जाते. लेप जागच्या जागी असतो, पण त्याची चमक पाण्यात विरून जाते. पाण्याखाली चमकतात ते धातूचे पातळ थर आणि अभ्रकाच्या कणांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा मुलामा देऊन केलेली मोतिया रंगद्रव्ये. माशाच्या अंगावरची रुपेरी झाकही त्याच्या त्वचेतील ग्वानिनच्या स्फटिकांची असते आणि म्हणूनच ती पाण्यात टिकते.

पाण्याखालच्या चित्रीकरणासाठी किंवा जलतरण तलावासाठी म्हणूनच फॉइल छापलेले लायक्रा सर्वांत सोयीचे ठरते. ते हलके असते, घरच्या शिलाई यंत्रावर बॉलपॉइंट सुई आणि झिगझॅग टाका वापरून शिवता येते, आणि त्याची चकाकी धातूची असल्याने पाण्यात मावळत नाही. त्याचे दोष टिकाऊपणाचे आहेत: गुडघ्यांवर आणि नितंबांवर, जिथे कापड जास्त ताणले जाते तिथे, फॉइलला तडे जाऊन खालचे कापड दिसू लागते, आणि क्लोरीनच्या पाण्यात ती हळूहळू निस्तेज होते. वापरानंतर लगेच साध्या पाण्याने खळबळून सावलीत वाळवल्यास तिचे आयुष्य वाढते. हवेत मात्र हे कापड चकचकीत दिसते, ओले दिसत नाही; टिकल्यांचेही तसेच. टिकल्या प्रकाशाचे सुटे ठिपके फेकतात, सलग रेषा देत नाहीत. शाळेच्या स्नेहसंमेलनात दहाव्या रांगेतून पाहणाऱ्या आजी-आजोबांना तेवढे पुरते, आणि त्यासाठी याहून अधिक खटाटोप करावा असे मला वाटत नाही.

हवेत खरोखर ओली दिसणारी शेपटी हवी असेल, तर साध्या गडद लायक्रावर पारदर्शक सिलिकोन सीलंटचा पातळ लेप हा कमी खर्चाचा आणि चांगला मार्ग आहे. हार्डवेअरच्या दुकानातील नळीतले सीलंट मिनरल टर्पेंटाइनमध्ये कालवून रंगासारखे पातळ करतात आणि ब्रशने लावतात. सिलिकोन विणीत मुरते आणि तिथेच पकड घेते. तंबूच्या शिवणी जलरोधक करण्यासाठी हीच पद्धत वापरली जाते. कापड सैल असताना लेप देऊ नये, कारण सिलिकोन मुरल्यावर ते पूर्वीइतके ताणले जात नाही. पायांच्या मापाचा साचा करून त्यावर शेपटी चढवावी आणि मग दोन-तीन पातळ थर द्यावेत. हवेतील आर्द्रता शोषून सीलंट बाहेरून आत सुकत जाते, म्हणून एकच जाड थर बराच काळ आतून कच्चा राहतो. व्हिनेगरसारखा वास येणारे सीलंट सुकताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि ते पितळ, तांबे, जस्त यांना खाते. म्हणून शेपटीची झिप प्लॅस्टिकची लावावी. फॉइलच्या कापडावर लेप द्यायचाच असेल तर न्यूट्रल प्रकारचे, म्हणजे आम्ल न सोडणारे, सीलंट घ्यावे, पण फॉइलने वीण बुजलेली असल्याने तिथे पकड कमी मिळते. बुरशीनाशक घातलेले सीलंट अंगाला लागणाऱ्या वस्तूसाठी घेऊ नये. टर्पेंटाइनची वाफ ज्वलनशील आणि त्रासदायक असते, तेव्हा हे काम गच्चीवर किंवा उघड्या व्हरांड्यात, आगीपासून दूर करावे.

या लेपाचा खरा शत्रू धूळ आहे. सिलिकोनवर धूळ, केस आणि कापडाचे तंतू पटकन चिकटतात. चिकटपणा घालवण्यासाठी वरून टाल्कम पावडर लावण्याचा मोह होतो, पण पावडर लागली की झळाळी गेलीच. सौम्य साबणाच्या पाण्याने धुतल्यावर ती परत येते.

साच्यात ओतलेले प्लॅटिनम सिलिकोन (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारे) दिसण्यात सर्वांत सरस असते, कारण खवल्यांचा उठाव खराखुरा असतो आणि मोतिया रंगद्रव्य पारदर्शक थराच्या आत मिसळता येते. म्हणजे हवेत वरचा थर चमकतो आणि पाण्यात आतले रंगद्रव्य. तकाकी साच्यावरून ठरते: गुळगुळीत, झिलईदार साच्यातून चकचकीत पृष्ठभाग निघतो, प्लास्टरच्या खरबरीत साच्यातून मंद. गंधकयुक्त शिल्पमाती किंवा लेटेक्सचे हातमोजे यांच्या संपर्काने हे सिलिकोन सुकतच नाही, तेव्हा हातमोजे नायट्राइलचे घ्यावेत. नंतर वरून रंग किंवा व्हार्निश लावून चमक वाढवता येत नाही, कारण सिलिकोनवर सिलिकोनखेरीज काही टिकत नाही. अशी शेपटी 15 किलोच्या आसपास सहज जाते. पाण्यात ते वजन जाणवत नाही, पण काठापर्यंत उचलून न्यायला दुसरे माणूस लागते. पहिल्याच प्रयत्नासाठी मी हा मार्ग सुचवणार नाही.

ॲक्रिलिक व्हार्निश ताणल्यावर तडकते आणि गोंदाच्या जातीचे चकचकीत लेप पाण्यात दुधट होऊन सुटतात, त्यामुळे ते फक्त भिंतीवर टांगायच्या शेपटीसाठी ठीक आहेत. लेटेक्स हे तेलाने आणि उन्हाने खराब होते, शिवाय काहींना त्याची ॲलर्जी असते.

एकाच दिवसाच्या छायाचित्रणासाठी तर लेपाचीही गरज नसते: गडद लायक्रा भिजवून वरून ग्लिसरीन मिसळलेले पाणी फवारले तर ओलेपणा नुसत्या पाण्यापेक्षा जास्त वेळ टिकतो आणि नंतर धुऊन जातो. सिलिकोन तेलाचा फवारा झळाळी जास्त देतो, पण फरशी निसरडी करतो आणि तलावात उतरल्यावर पाण्यावर तवंग येतो.

निवड पक्की करण्यापूर्वी घेतलेल्या कापडाचा वीतभर तुकडा लेप देऊन सुकवावा, हाताने पूर्ण ताणून पाहावा, आणि मग बादलीत बुडवून टॉर्चच्या प्रकाशात न्याहाळावा. पाण्यात तो विझला आणि तुमचे प्रेक्षक पाण्याखाली असतील, तर लेपाचे पैसे मोतिया रंगद्रव्यावर खर्च करावेत.