हीथकिटचे दोन रंगीत टीव्ही: जीआर-२९५ की जीआर-२०००?

मिशिगनमधल्या बेंटन हार्बरची हीथ कंपनी ‘हीथकिट’ नावाने टीव्ही सुट्या भागांत विकायची, जोडायचा आपण. १९६० च्या दशकातला जीआर-२९५ व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांचा. नावातला आकडा म्हणजे २९५ चौरस इंच पडदा. ट्यूनरसारखे (चॅनेल पकडणारा भाग) नाजूक भाग कारखान्यातूनच जुळवून यायचे, बाकी सोल्डरिंग आपल्या हातचं. खरी कसोटी पुढे: लाल, हिरवा, निळा हे तिन्ही किरण पडद्यावर एकाच जागी आणायचे. त्यासाठी ठिपके दाखवणारा जनरेटर सेटमध्येच बसवलेला होता, म्हणजे दर वेळी मेकॅनिकची वाट बघायला नको. ही सोय मला सगळ्यात आवडते.

१९७० च्या दशकातला जीआर-२००० ट्रान्झिस्टर आणि आयसींचा (एका चिपमध्ये सामावलेली सर्किट्स). चॅनेलचा आकडा थेट पडद्यावर, हवं तर घड्याळही. त्या काळी हे चैनीचंच! सर्किट बोर्ड खोचून बसवायचे, त्यामुळे बिघाड शोधणं सुटसुटीत.

आज जुना सेट मिळालाच, तर शिकायला मी २९५ घेईन. त्यातला प्रत्येक टप्पा डोळ्यांना दिसतो. रोज बघायला मात्र २०००. दोन्हींत पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट असतात, बंद केल्यावरही काही काळ टिकतात. आधी डिस्चार्ज, म्हणजे साठलेली वीज काढून टाकणं, मग हात.