पोर्तुगीज शिकायचं ॲप: सात महिने भुसावळात, दहा आठवडे पोर्तोत

आधी निकाल सांगते. ॲपला पाचपैकी तीन तारे, तिसरा तर जरा हात आखडूनच. त्यातलं सगळं मी ज्या दोनशेपानी वहीत देवनागरीत उतरवून काढलं, तिला साडेचार. ॲपला वर्षाचे ३,४०० रुपये पडले. वही इथल्याच बाजारातली.

मी कोण तेही सांगते, म्हणजे माझ्यावर किती विश्वास ठेवायचा ते ठरवता येईल. वय ६३, माहेर पारोळ्याचं. भुसावळ स्टेशनवर आरक्षण आणि चौकशीच्या खिडकीत ३१ वर्षं बसले. हे लोको शेडला होते. लेक-जावई पोर्तुगालात, पोर्तो शहरात राहतात. बाळंतपणाला जायचं ठरलं तसं जावई म्हणाले, "आई, इथे सगळे इंग्रजी बोलतात, तुम्ही कशाला त्रास घेता?" सगळे म्हणजे त्यांच्या ऑफिसातले. भाजीवाली आणि बसमध्ये शेजारी बसलेली आजी इंग्रजी बोलत नसणार, एवढं मला भुसावळात बसूनही कळत होतं. पोळा झाला आणि मी ॲप घेतलं. रोज सकाळी भाजी निवडताना वीस-पंचवीस मिनिटं, असा नेम धरला.

पहिले दीड महिने वाया गेले, आणि त्यात अर्धी चूक माझी. ॲपवर नुसतं 'पोर्तुगीज' लिहिलेलं होतं, वर झेंडा ब्राझीलचा. मी झेंड्याकडे कशाला बघतेय! एकदा व्हिडिओ कॉलवर लेकीला मोठ्या ऐटीत 'बों जीआ' म्हटलं, तर ती हसतच सुटली. पोर्तुगालात सकाळचा नमस्कार 'बों दीआ'. ब्राझीलमध्ये 'दि'चा 'जी' होतो, 'ति'चा 'ची' होतो. ब्राझीलची लोकसंख्या २० कोटींच्या वर, पोर्तुगालची एक कोटीच्या आसपास. मग ॲपवाले कोणाची बोली शिकवणार, हे उघड आहे. नुसत्या उच्चाराचं असतं तर चाललं असतं, पण शब्दच वेगळे. बस ब्राझीलमध्ये 'ओनिबुस', पोर्तुगालात 'आउतोकारु'. संडास तिकडे 'बाञेइरु', इकडे 'काझ द बाञु'. आणि रेल्वेगाडी ब्राझीलमध्ये 'त्रें', पोर्तुगालात 'कोंबोयु'. जन्म रेल्वेत गेला आणि गाडीलाच चुकीचा शब्द पाठ केला! पोर्तुगालचा पर्याय ॲपमध्ये होता, पण सेटिंगमध्ये पार तळाशी, आणि धडे निम्मेच.

दुसरी गंमत 'धन्यवाद'ची. ॲपमधला आवाज पुरुषाचा, तो 'ओब्रिगादु' म्हणायचा, मीही तेच म्हणत राहिले. बाईने 'ओब्रिगादा' म्हणायचं असतं. आपण 'मी थकलो', 'मी थकले' म्हणतो तसंच ते. मराठी माणसाला हे एका वाक्यात समजावता आलं असतं. ॲपने ते सांगितलं चौदाव्या धड्यात, एका कोपऱ्यात.

वही इथूनच सुरू झाली. देवनागरीत पोर्तुगीज छान उतरतं, हा माझा अनुभव. नाकातले स्वर आपल्याला नवे नाहीत, अनुस्वार दिला की काम झालं. शब्दाच्या शेवटचा 'स' पोर्तुगालात बहुतेक 'श' होतो, 'दोन'ला 'दोइश'. अडचण आली ती 'एन' आणि 'एच' जोडून येतात तिथे. माझी जीभ अहिराणी, तिथे 'न्ह' दिसला की तोंडात 'मन्हं-तुन्हं' येतं. खरा उच्चार 'ञ', जो आपण शाळा सुटल्यावर कधी वापरला नाही. 'उद्या'ला 'आमाञां'. आठवडाभर 'आमान्हां' म्हणून झाल्यावर जीभ वळली. आणि स्वर गिळायची त्यांची सवय! लिहिताना सगळे स्वर असतात, बोलताना निम्मे पोटात. 'श्ता बें' म्हणजे 'ठीक आहे'. पुढे एक 'ए' लिहिलेला असतो, तो मला दहा आठवड्यांत एकदाही ऐकू आला नाही.

पोर्तुगीज खान्देशात कधी राज्य करायला आले नाहीत, पण त्यांचे शब्द आमच्या घरात आधीपासून होते. बटाटा, पाव, साबण, बादली, चावी, घमेलं, कोबी, आणि मार्केट यार्डातला लिलावसुद्धा. लिलावाला ते 'लैलाउं' म्हणतात. ह्यांना त्या लिलावाचं इतकं अप्रूप वाटलं की पुढचा आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. या शब्दांचा उपयोग मन लागायला होतो, बोलायला फारसा नाही. एक अपवाद 'पगार'. तिकडे ते क्रियापद आहे, 'पैसे देणे'. 'पोसु पगार कों कर्ताउं?' म्हणजे 'कार्डाने पैसे देऊ का?' हे वाक्य मला एका दमात पाठ झालं. पगार शब्द विसरणारा रेल्वेवाला अजून जन्मायचा आहे.

आता खरी तक्रार. ॲपने मला तीनशेच्या वर वाक्यं शिकवली आणि त्यातले निम्म्याहून जास्त प्रश्न होते. हे कुठे आहे, ते केवढ्याला, गाडी किती वाजता. उत्तरं जवळजवळ नाहीत. चौथ्या महिन्यात हे लक्षात आलं, कारण हा प्रकार मी खिडकीच्या आतून ३१ वर्षं पाहिला होता. शिर्डीला निघालेले तमिळ यात्रेकरू यायचे. त्यांनी एक हिंदी वाक्य घोकलेलं असायचं, "मनमाड गाडी कब?" वाक्य इतकं नीट म्हणायचे की आपल्याला वाटावं, यांना हिंदी येतं. मी सांगायचे, "पाँच नंबर पे आएगी, डेढ घंटा लेट है, पुल से जाइए." ते आनंदाने मान डोलावायचे आणि तीन नंबरवर जाऊन बसायचे. प्रश्न चांगला विचारला की समोरचा उत्तरही भरभर देतो, आणि तिथेच माणूस बुडतो.

मग मी लेकीला कामाला लावलं. वहीच्या डाव्या पानावर माझा प्रश्न, उजवं पान कोरं. ती बेकरीत, औषधाच्या दुकानात गेली की तिला काय ऐकू आलं ते घरी येऊन व्हॉट्सॲपवर आवाजात पाठवायची, त्याच वेगाने. मी उजव्या पानावर उतरवायची. कुठल्याही ॲपात न सापडलेल्या गोष्टी त्या पानांवर आल्या. काउंटरवर गेलात की बाई आधी 'दीगा' म्हणते, म्हणजे 'बोला'. मीही जन्मभर हेच म्हणत आले. माल घेतला की 'माइझ आल्गूमा कोइझा?', अजून काही? आणि पैसे देताना हमखास 'कोंत्रिब्विंत?'. हा तिथला कर भरणाऱ्याचा नंबर, बिलावर टाकायचा का म्हणून विचारतात. पाहुण्याने 'नाउं, ओब्रिगादा' म्हणून मोकळं व्हायचं. हा एक शब्द आधी माहीत नसता तर पहिल्याच दुकानात मी घाबरून पिशवी ठेवून पळाले असते.

एवढं करूनही बोल्याउंच्या मंडईत माझी विकेट गेली. पोर्तोतली ही जुनी मंडई दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पुन्हा उघडली. मला भरीत करायला वांगी हवी होती. वांग्याला 'बरींझेला', हे येत होतं. 'मेयु किलु', अर्धा किलो, हेही. भाजीवालीने किंमत सांगितली आणि मी दगड झाले. मी वीसला 'विंत' पाठ केलेलं, ती म्हणत होती 'बिंत'. उत्तर पोर्तुगालात, विशेषतः जुनी माणसं, 'व'चा 'ब' करतात. साठ आणि सत्तरचा घोळ त्याहून वाईट: 'ससेंत' आणि 'सतेंत', मधला स्वर गिळलेला, मंडईच्या गोंगाटात फरक कोणाला कळणार! शेवटी हातातली चिल्लर तिच्यापुढे धरली. तिने नाणी वेचून घेतली, कोथिंबिरीची एक काडी वांग्यांवर ठेवली आणि 'क्वेंत्रुश' असं दोनदा म्हणून दाखवलं. कोथिंबीर फुकट आणि शब्दही. वांगी मात्र जांभळी आणि सालाला जाड, आमच्या बामणोदच्या हिरव्या वांग्यांची सर नाही. केळ्यांच्या बाबतीत त्यांना मान द्यावा लागेल. मदेइरा बेटावरची केळी लहान आणि गोड असतात. रावेरचे आमचे व्याही चार खाऊन म्हणाले असते, "हाव, चांगली शे."

खाण्यापिण्याचे धडे ॲपमध्ये बरे आहेत, शाकाहारी माणसाला अपुरे. 'सें कार्न', मांसाशिवाय, एवढं शिकून गेले आणि पावात ट्यूना मासा आला. त्यांच्या लेखी मासा म्हणजे मांस नव्हे. 'सें कार्न, सें पेइश' असं जोडीनेच म्हणायचं. 'काल्दु वेर्द' नावाचं हिरव्या पाल्याचं सूप मिळतं, बटाट्याचं, दिसायला अगदी साधं. त्यात तळाशी सॉसेजची चकती असते. चहाला ते 'शा' म्हणतात, पण दूध मागितल्याशिवाय येत नाही. मी चार दिवसांत 'मेया द लेइत'वर आले, म्हणजे निम्मं दूध घातलेली कॉफी. दारांवरची 'पुश' असं ऐकू येणारी पाटी 'ओढा' म्हणते. ह्यांनी औषधाच्या दुकानाचं दार तीनदा ढकललं.

ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तो प्रसंग साउं बेंतु स्टेशनवर आला. १९१६ सालचं स्टेशन, आत शिरलं की भिंतींवर २० हजार निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रं. हे चित्रं सोडून रूळ बघत उभे. म्हणाले, "आपल्यासारखाच दिसतो गं." घरी येऊन जावयांना शोधायला लावलं: त्यांचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १,६६८ मिलिमीटर, आपला १,६७६. आठ मिलिमीटरचा फरक, आणि या माणसाने तो नुसत्या डोळ्यांनी जवळजवळ बरोबर धरला.

तर ब्रागाला जायचं होतं. मी खिडकीवर गेले, 'आ की ओराश पार्त उ कोंबोयु पारा ब्रागा?' म्हणाले. खणखणीत, एकही चूक नाही. खिडकीतली बाई साधारण माझ्याच वयाची, चष्मा नाकावर. तिने उत्तर दिलं, आणि ते मला पुरत्या पंधरा सेकंदांचं वाटलं. त्यातला एकच शब्द पकडला, 'ग्रेव'. संप. उजव्या पानावरचा शब्द, लेकीने मुद्दाम घालून दिलेला. फलकावर बऱ्याच गाड्यांपुढे 'सुप्रिमीदु' होतं, म्हणजे रद्द. माझी मान आपोआप डोलायला लागली, अगदी त्या शिर्डीवाल्यांसारखी. मी ती थांबवली आणि म्हणाले, 'नाउं पर्सेबु. पोद श्क्रवेर?' समजलं नाही, लिहून देता का?

तिने चष्म्यावरून पाहिलं, चिठ्ठी ओढली, वर गाडीची वेळ लिहिली, खाली 'लीञा ५', म्हणजे पाच नंबरची लाइन, आणि त्याभोवती गोल केला. असा गोल मी रोज वीस-तीस वेळा करत होते. मी तिला सांगायला गेले की मीही हेच काम करायचे, पण त्याचं वाक्य वहीत नव्हतं. मी खिडकीकडे बोट केलं, मग स्वतःकडे, मग म्हणाले, 'इंडिया, कोंबोयु, दीगा, दीगा.' ती खदाखदा हसली, मागच्या रांगेने कटकट केली, मी बाजूला झाले.

ज्यांना घ्यायचं आहे त्यांनी आधी पोर्तुगालचा पर्याय आहे का ते तपासा. आकडे रोज ऐका, वाचू नका. आणि 'पोद श्क्रवेर' पहिल्या दिवशी पाठ करा. नमस्कार, चमत्कार, रस्ता विचारणे यासाठी ॲप पुरेसं आहे, आणि कंटाळा येऊ देत नाही, हे मान्य. वारांचा धडा मात्र नीट करा: त्यांचा सोमवार 'सेगुंदा', म्हणजे दुसरा. दुसरा म्हणजे मंगळवार असं धरून मी नातवाच्या लसीला एक दिवस उशिरा पोचले होते.

मेअखेर परत आलो, भुसावळ भट्टीसारखं तापलेलं. वर्गणी आपोआप पुन्हा कापली जाते, ती बंद करायचं बटण शोधायला पाऊण तास गेला. त्याचा अर्धा तारा कापला आहे, वरचे तीन तो कापूनच दिलेत.