न्हाणीघराच्या फरशीतील दुरंगी सांधे: एपॉक्सी ग्राउटच्या कामाचा अनुभव

गळती काढण्यासाठी गेल्या वर्षी आमच्या पुण्याच्या घरातील न्हाणीघरात जाळीभोवतीच्या सहा टाइल्स उखडाव्या लागल्या. नव्या टाइल्स जुन्यांशी तंतोतंत जुळल्या, पण त्यांचे सांधे पांढुरके उमटले आणि राखाडी फरशीवर ठिगळ लावल्यासारखा चौकोन दिसू लागला. काम करणाऱ्या मिस्त्रींनी ‘वाळलं की जुळेल’ असे सांगितले होते. दोन महिन्यांनीही ते जुळले नाही.

अखेर फरशीच्या दुकानातून एपॉक्सीचे, म्हणजे सिमेंटऐवजी राळेच्या मिश्रणाने सांधे भरण्याचे, काम करणारे दोन कारागीर मिळाले. त्यांच्याविषयी आवर्जून लिहावेसे वाटते, कारण त्यांनी आधी दोषाचे मूळ शोधले आणि मगच दर सांगितला. त्यांतील वयस्क कारागिरांनी सांध्यावर नख ओढताच पांढरी भुकटी नखात आली. सिमेंटच्या ग्राउटमध्ये, म्हणजे सांधे भरण्याच्या मिश्रणात, पाणी जास्त पडले किंवा ते पुरेसे आवळण्याआधीच ओल्याचिंब स्पंजने पुसले, तर रंग धुपतो आणि क्षार वर येतात. त्यामुळे एकाच छटेची पुडी आणूनही रंग वेगळा दिसतो, असे त्यांनी समजावले. पातळ केलेल्या व्हिनेगरने दोन इंच सांधा घासल्यावर वरचा पांढरा थर गेला, परंतु आतला भागही फिकाच निघाला. वरून रंगाचा हात देणे स्वस्त पडेल, पण रोज पाणी पडणाऱ्या जागी तो किती टिकेल याची हमी देणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. तेवढाच चौकोन नव्याने भरला असता तर पुन्हा दोन रंग झाले असते, म्हणून आम्ही संपूर्ण फरशीचे सांधे बदलायचे ठरवले.

पहिला दिवस केवळ खरवडण्यात गेला. सांध्याच्या मध्यभागी यंत्र आणि टाइलच्या कडेला हातातली पाती, अशी विभागणी त्यांनी कटाक्षाने पाळली. एकाही टाइलची कड उडाली नाही. रात्रभर सांधे कोरडे होऊ दिल्यावर दुसऱ्या दिवशी राळ, ती घट्ट करणारे हार्डनर आणि रंगीत पूड डब्यावरील प्रमाणात कालवून, लहान लहान भागांत ते भरले, कारण हे मिश्रण थोड्या वेळातच घट्ट होऊ लागते. त्याच कारणामुळे दाराजवळच्या खडबडीत टाइल्सवर एक धुरकट थर राहिला, ही या कामातील एकमेव उणीव. फोन करताच ते दुसऱ्या दिवशी आले आणि पैसे न घेता तो काढून दिला.

पस्तीस चौरस फुटांसाठी साडेचार हजार रुपये लागले. सिमेंटच्या ग्राउटपेक्षा हा खर्च बराच अधिक आहे, पण चार महिन्यांनंतरही बादलीखालचा सांधा आणि दाराजवळचा सांधा एकाच राखाडी रंगाचा आहे, आणि जुना चौकोन नेमका कुठे होता हे आता मलाही आठवून सांगावे लागते.