केस लॉ (जुने निवाडे) शोधायला चॅटबॉट की ई-कोर्ट्सचं निकाल-पोर्टल?

संभाजीनगर खंडपीठात किंवा लातूर-नांदेडच्या कोर्टात जमिनीचे वाद चालवणाऱ्या वकिलाच्या हाताशी आज दोन फुकट साधनं आहेत: एआय चॅटबॉट आणि ई-कोर्ट्सचं निकाल शोधायचं पोर्टल. पहिलं गोड बोलतं, दुसरं रुक्ष. युक्तिवादाला मात्र दुसरंच कामाला येतं.

चॅटबॉटचा घोळ कूळ कायद्यात लगेच उघडा पडतो. मराठवाड्याला 1950 चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा लागू. संरक्षित कुळाच्या मालकीचा विषय कलम 38-ई मध्ये. पश्चिम महाराष्ट्राला 1948 चा मुंबई कायदा, तिथं 32-जी. विदर्भाचा 1958 चा आणखी वेगळा. प्रश्नात नुसतं ‘महाराष्ट्रातलं कूळ’ लिहिलं तर उत्तर बिनदिक्कत 32-जी वर घसरू शकतं. म्हणून विचारायचंच असेल तर कायद्याचं नाव, वर्ष, कलम आणि तालुका प्रश्नातच टाका.

त्याहून वाईट खोड म्हणजे नसलेले निवाडे रचणं. चॅटबॉट शोभेल असा पुढचा शब्द जुळवतो. पक्षकारांची नावं, वर्ष, पान क्रमांक सगळं खऱ्यासारखं दिसतं. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांना असल्याच निवाड्यांपायी 5000 डॉलर दंड बसला.

आता पोर्टल. मुंबई उच्च न्यायालय निवडा, शब्द टाका, कॅप्चा भरा. नेमकं वाक्य हवं असेल तर ‘फ्रेज’, नाहीतर ‘एनी वर्ड्स’. औरंगाबाद खंडपीठाच्या अलीकडच्या निकालांचा न्यूट्रल क्रमांक (न्यायालयानेच निकालाला दिलेला ओळख क्रमांक) असा: वर्ष, मग बीएचसी-एयूजी, मग आकडा, द्विसदस्य पीठ असेल तर शेवटी डीबी. बीएचसी-एएस दिसलं तर तो मुंबईच्या अपील शाखेचा. क्रमांक सापडला म्हणून थांबू नका. खरा क्रमांक भलत्याच प्रकरणाचा निघू शकतो, तेव्हा पीडीएफ उघडून पक्षकार, तारीख आणि उद्धृत परिच्छेद ताडून घ्या.

खटकणारी गोष्ट स्पेलिंगची. मुंतखब, खासरा पाहणी, इनाम हे निजामी महसुली शब्द इंग्रजी निकालात कुणी कसे लिहितं, कुणी कसे. एका स्पेलिंगवर शोधाल तर निम्मं हातचं जाईल; दोन-तीन रूपं एकदम टाकून ‘एनी वर्ड्स’ लावा.

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल मराठीत आणायला 2019 पासून ‘सुवास’ हे एआय भाषांतर सॉफ्टवेअर आहे. पक्षकाराला निकाल समजावून सांगायला हे मराठी भाषांतर उत्तम. दाखल मात्र इंग्रजी प्रतच करा, अधिकृत तीच.

चॅटबॉटकडे द्यायचं काम एकच: सातबारा-फेरफाराच्या नोंदींवरून तारखांचा तक्ता. तेही नावं आणि गट क्रमांक खोडून. न्यायाधीशांच्या बाजूनं पाहिलं तर केरळ उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये जिल्हा न्यायालयांना निष्कर्ष आणि आदेशासाठी एआय वापरायला मनाईच केली. आपल्याकडेही असंच धोरण हवं.

गुण: पोर्टलला पाचपैकी चार, एक कापला तो कॅप्चापायी. चॅटबॉटला दीड.