दप्तराची खुंटी, फुगलेला रॅक आणि सहा झाकणं: सात महिन्यांनंतर

लेबलं छापायचं यंत्र परवा विकून टाकलं. १,१५० रुपयांना घेतलं होतं, ५०० ला गेलं. न्यायला आलेला मुलगा उलटसुलट करून म्हणाला, "काका, नवंच दिसतंय की." नवंच होतं. मे महिन्यात एक दिवस वापरलं, त्यानंतर ते स्वतःच पसाऱ्यात जमा झालं.

मे २०२५ मध्ये, शाळा सुरू व्हायच्या आत घर आवरायचं म्हणून आम्ही जे जे विकत आणलं, त्याचा हा हिशोब. पुण्यातल्या सहकारनगरमधला जुन्या सोसायटीतला टू बीएचके. माणसं पाच: आई, आम्ही दोघं, सहावीत गेलेली लेक आणि तिसरीत गेलेले चिरंजीव. खर्च ९,६२० रुपये. त्यातले कामी आले साधारण दीड हजार.

पहिली चूक आमचीच. आधी डबे आणले, मग पसारा काढला. ऑनलाइन फोटोत एकसारखे पारदर्शक डबे ओळीत बघितले की वाटतं, हे आणले की घर तसंच होणार. प्रत्यक्षात काय झालं, तर टाकून द्यायच्या वस्तूंनाही छान घर मिळालं. वाळलेली स्केचपेनं, झाकण हरवलेले गम, अर्धे शार्पनर असा सगळा ऐवज २२ लिटरच्या डब्यात, वर "आर्ट अँड क्राफ्ट" असं लेबल. इंग्रजीत, कारण त्या यंत्राच्या ॲपमध्ये मराठी अक्षरं टाकली की जोडाक्षरांचे तुकडे व्हायचे. "प्रकल्प" कधी नीट छापलंच नाही.

बेत असा होता की मे अखेरीस सगळी पुस्तकं, गाद्या, माळ्यावरचं सामान गच्चीत नेऊन दोन दिवस कडक ऊन दाखवायचं. पण त्या मे महिन्यातच पुण्यात पावसानं मुक्काम ठोकला आणि २६ मे रोजी तर मोसमी पाऊस रीतसर दाखल झाला. गच्चीचा बेत बारगळला. चार दिवस हॉलभर पुस्तकं उघडी पसरून वर पंखा फुल. स्वयंपाकघरातून बेडरूममध्ये जायचं तर लंगडी घालत जावं लागे. चिरंजिवांना ही आवराआवरी फार आवडली.

माळ्यावरून निघालेल्या गोष्टी सगळ्या सांगत नाही. थर्माकोलचं एक मखर मात्र निघालं, २०१८ च्या बंदीच्या आधीचं. ते रद्दीवाला घेईना, भंगारवाला घेईना, आणि आई टाकू देईना ("अरे, बाप्पा बसलेत त्यात!"). ते आजही माळ्यावरच आहे. रद्दी भरली ६१ किलो, १४ रुपये दरानं ८५४ रुपये आले. जुने चार्जर, बंद पडलेला मिक्सर, तळ सुटलेले बूट हे स्वच्छ संस्थेच्या ताईंना विचारून त्यांच्या जुन्या वस्तूंच्या संकलनात दिलं. कचरावेचकांचीच ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करते, पण ई-कचरा आणि जुने कपडे त्या वेगळे घेतात, हे आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. कपड्यांचं म्हणाल तर आईनं आधीच बोहारणीला गाठलं होतं. चार गाठोडी गेली, दोन पातेली आली. आता त्या पातेल्यांना जागा शोधतोय.

आता एकेका वस्तूबद्दल.

पुस्तकांचा रॅक, ३,४०० रुपये. जाहिरातीत "इंजिनीअर्ड वुड" म्हटलेलं असतं, म्हणजे बहुतेकदा लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, वर सुंदर कागद. जूनमध्ये दृष्ट लागावी असा दिसत होता. ऑगस्टमध्ये गणपतीची साफसफाई करताना बायको म्हणाली, "हा असा पोट सुटल्यासारखा का दिसतोय?" वाकून बघितलं. खालची फळी जमिनीला जिथे टेकते, तिथे कडेची पट्टी लावलेलीच नव्हती. रोज फरशी पुसताना फडक्याचं पाणी त्या उघड्या कडेतून आत जात होतं. कड बोटभर फुगली होती, वरचा कागद सुटला होता आणि नखानं टोकरलं की बिस्किटासारखा भुगा पडत होता. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर पाण्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही म्हणाले. पुण्याच्या पावसाळ्यात फरशी पुसणं हेही नुकसानच धरायचं तर बोलणंच खुंटलं. घ्यायचाच असेल तर पाय असलेला घ्या, आणि घरी आल्या आल्या खालच्या कडांना नेलपॉलिशचा हात मारा. सुतारानं त्याचा वरचा भाग वाचवला आणि खाली प्लायचे चार ठोकळे लावून दिले. प्लायच्या पाठीवर आयएस ७१० छाप बघून घ्यायचा, ती पाण्यात टिकणारी, हे त्यानंच शिकवलं.

रॅक बिघडला तरी एक काम त्यानं चोख केलं, ते दप्तराचं. आधी सगळी पुस्तकं दप्तरातच राहायची, कारण दप्तराबाहेर त्यांना जागाच नव्हती. सामान तोलायच्या काट्याला लेकीचं दप्तर अडकवलं तर ४.९ किलो. तिचं स्वतःचं वजन ३४. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या १० टक्के ही मर्यादा आहे, सहावी-सातवीला २ ते ३ किलो, तिसरी ते पाचवीला १.७ ते २.५. रॅकच्या मधल्या फळीवर पुस्तकं-वह्या उभ्या, एका ओळीत लावल्या आणि शेजारी वेळापत्रक चिकटवलं. रात्री जेवणानंतर उद्याचं तेवढंच भरायचं. आता ३.२ किलो भरतं. दहा टक्क्यांत बसतं, सहावीच्या ३ किलोंत अजून बसत नाही, पण त्यात जवळजवळ किलोभर तर पाण्याची बाटलीच आहे.

झाकणाचे डबे, सहा, २,२८० रुपये. पहिले पंधरा दिवस वस्तू डब्यात गेल्या. मग डब्यावर जायला लागल्या. झाकणावर कंपास, कंपासवर रुमाल, रुमालावर पतंग, आणि खालचा डबा रिकामा. मी चिडलो तेव्हा चिरंजीव शांतपणे म्हणाले, "बाबा, झाकण उघडायला दोन हात लागतात. माझ्या एका हातात नेहमी काहीतरी असतं." यावर उत्तर नव्हतं. त्याच दिवशी सगळी झाकणं काढली आणि डबे झाकणाशिवाय जमिनीलगत ठेवले. तेव्हापासून भरतात. सहापैकी दोन झाकणं कुंड्यांखाली आहेत, एक मांजराच्या वाटीखाली (मांजर आमचं नाही, पण येतं), बाकीची उभी करून कपाटामागे. तेव्हा झाकणाचे डबे माळ्यासाठी घ्या, पोरांसाठी बोहरी आळीच्या बाजारातून साध्या उघड्या टोपल्या आणा. निम्म्या पैशात होतं.

लेबलं. वर बोललोच. थर्मल कागदावरची छपाई उजेडानं, उन्हानं उडते. खिडकीजवळच्या डब्यांवरची अक्षरं दिवाळीपर्यंत फिकट होऊन गेली होती. आता मास्किंग टेपवर मार्करनं लिहितो. लेक लिहिते, म्हणून ते ती पाळतेही. एका डब्यावर तिनं लिहिलंय "बाबांचं काहीतरी".

ओल शोषणारे डबे, सहा, ७२० रुपये. यात कॅल्शियम क्लोराइडचे खडे असतात, हवेतली ओल ओढून त्यांचं पाणी होतं आणि ते खालच्या कप्प्यात साठतं. काम करतात, शंकाच नाही. कपड्यांच्या कपाटातला डबा पाच आठवड्यांत भरला, यंदा कपड्यांना कुबट वासही आला नाही. पण माळ्यावर ठेवलेला एक कलंडला. ते पाणी साधं नाही, वाळतच नाही. धाकट्याला पुढे होईल म्हणून ठेवलेल्या गणवेशांच्या गाठोड्यावर सांडलं आणि महिन्यानं बघितलं तेव्हाही ते चिकट, ओलंच. तीनदा धुतल्यावर गेलं. जिथे हात पोचत नाही, रोज नजर जात नाही, तिथे हा डबा ठेवू नका. माळ्यावर डांबरगोळ्या ठेवा, पण त्या कीड लांब ठेवतात, ओल शोषत नाहीत.

चिकटवायचे हूक, ४५० रुपये. फेकून दिल्यासारखे. जुन्या भिंती, त्यावर डिस्टेंपर. दप्तर अडकवलं, तिसऱ्या दिवशी हूक, दप्तर आणि रंगाचा पोपडा असं तिन्ही एकदम खाली.

आणि सगळ्यात शेवटी केलेली, सगळ्यात कमी दिखाऊ गोष्ट: दाराजवळ भिंतीत गट्टू मारून बसवलेली लाकडी पट्टी आणि तिच्यावर स्टीलचे सहा हूक. मजुरीसकट ९०० रुपये. सुतारानं आधी मोठ्यांच्या उंचीवर खूण केली होती. आईनं त्याला थांबवलं, धाकट्याला भिंतीपाशी उभं केलं आणि म्हणाली, "हात वर कर. ताणू नकोस, सहज." जिथे त्याचं बोट टेकलं तिथे पट्टी लागली. दप्तर, डब्याची पिशवी, रेनकोट. रेनकोटखाली जुना ट्रे, त्यात पाणी ठिबकतं. शाळा १६ जूनला सुरू झाल्या, आज सात महिने होत आले, आठवड्यातून पाच दिवस दप्तर पट्टीवर असतं. सहाव्या दिवशी ते पट्टीच्या बरोबर खाली जमिनीवर असतं. ते मी सोडून देतो.

विकत न आणलेली एक गोष्ट राहिली. जुन्या वह्या रद्दीत निघाल्या तेव्हा आई एकेक चाळायला बसली. निम्म्या कोऱ्या. शिवाय लेकीची चौथी-पाचवीची पुस्तकं. २०२३-२४ पासून दोन वर्षं बालभारतीच्या पुस्तकांत धड्यांमागे वहीची पानं जोडलेली होती, २०२५-२६ पासून ती बंद झाली. तिची त्यातली बरीच पानं तशीच पांढरी. (पुस्तकं स्वतः जपायची गरज नाही, ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळतात.) आईनं पिना उचकटल्या, कोरी पानं वेगळी केली, काठ जुळवून खाली पाट ठेवला आणि दाभणानं पाच-पाच भोकं पाडून जाड दोरा ओवला. वरून कॅलेंडरचं पान पुठ्ठ्यासकट. अशा ११ रफ वह्या झाल्या. लेकीला आधी शाळेत न्यायची लाज वाटली. मग मैत्रिणीनं एक मागून घेतली. आता चार उरल्यात.

दिवाळीची साफसफाई एका दुपारीत आटपली, एरवी तीन दिवस जातात. अभ्यासाचं टेबल मात्र अजून जसंच्या तसं आहे, त्यावर अभ्यास सोडून सगळं असतं. फायली उभ्या ठेवायचे आठ डबे आणले होते, ७२० रुपयांचे, त्यांत बिलं जातात आणि परत बाहेर येत नाहीत. वीजबिल शोधायचं तर मोबाइलवरच काढतो.

बायकोला आता तिच्या उंचीवर एक पट्टी हवी आहे, पर्स, हेल्मेट आणि गाडीच्या किल्लीसाठी. सुतार म्हणालाय, रविवारी येतो. कुठल्या रविवारी, ते नाही बोलला.